शर्कराकंदाचा तोकडा वारसा

युरोपातील साखर उद्योगाचा आधार असलेल्या शर्कराकंदावर, अर्थात शुगर बीटवर, २०२० मध्ये पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाचे मोठे संकट कोसळले. एकट्या फ्रान्समध्ये हेक्टरी उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी घटले. हा रोग पसरविणाऱ्या माव्यावर प्रभावी ठरलेल्या निओनिकोटिनॉइड गटातील तीन कीटकनाशकांच्या शेतातील वापरावर युरोपीय संघाने २०१८ मध्येच बंदी घातली होती. त्यांच्या बीजप्रक्रियेसाठी दिली जाणारी आपत्कालीन सवलतही युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बेकायदा ठरविली. त्यामुळे आता बियाण्यातच प्रतिकारशक्ती आणण्याखेरीज टिकाऊ उपाय उरलेला नाही.

ती शोधण्याचा मार्ग गुणसूत्रांच्या तुलनेतून जातो. उसाच्या आधुनिक वाणांत शंभराहून अधिक गुणसूत्रांची गुंतागुंत असते. शर्कराकंदात मात्र अवघ्या नऊ जोड्या, म्हणजे १८ गुणसूत्रे. २०१४ मध्ये त्यांचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात २७,४२१ जनुकांची नोंद झाली. अन्य चार वाण आणि समुद्रकिनारी उगवणारे रानटी बीट यांच्याशी तुलना केली असता सुमारे ७० लाख ठिकाणी फरक आढळले. मात्र गुणसूत्रांचे काही मोठे पट्टे जवळजवळ एकसारखेच निघाले. ही माणसाने केलेल्या निवडीची खूण होय.

याचे मूळ इतिहासात आहे. हे पीक अठराव्या शतकाच्या अखेरीस घडले. तेव्हाच्या प्रशियातील सायलेशिया प्रांतातला पांढरा बीट आजच्या वाणांचा पूर्वज मानला जातो. साखरेचा उतारा वाढत गेला, पण वारसा तोकडाच राहिला.

त्यामुळे पैदासकारांना रानटी आप्तांकडे वळावे लागते. मुळांच्या रायझोमेनिया रोगाला रोखणारे एक जनुक २०१७ मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील सागरी बीटच्या अभ्यासातून निश्चित झाले. सागरी बीटची गुणसूत्रे पिकाशी सहज जुळतात. दूरच्या आप्तांचे तसे नाही. सूत्रकृमीला रोखणारे जनुक अशाच एका रानटी जातीतून आणले गेले. पण तिच्या गुणसूत्राचा तुकडा पिकाच्या गुणसूत्राशी मिसळत नाही. परिणामी नको असलेले गुणही सोबत येतात आणि उत्पादन घटते.

गुणसूत्रांची तुलना कोणता संकर फळेल हे सांगू शकते. नाहीसे झालेले जनुक ती परत आणू शकत नाही. म्हणूनच प्रयोगशाळांइतकीच किनाऱ्यावरील रानटी बीटच्या संवर्धनाचीही निकड आहे.