गुणवत्तेचा शोध : उत्तरपत्रिकेच्या पलीकडे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शालेय गुणवत्तेचे सारे विश्व शिष्यवृत्ती आणि नवोदय या दोन परीक्षांभोवती फिरते. सुट्टीतही जादा तास चालतात, सरावसंच सोडविले जातात आणि निकाल लागताच गावोगाव अभिनंदनाचे फलक झळकतात. शिक्षकांचे हे परिश्रम वंदनीयच आहेत. परंतु जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या जागा असतात अवघ्या ८०. निवडलेल्या मुलाच्या बुद्धीला पुढे कोणते आव्हान मिळते आणि मागे राहिलेल्याचे काय होते, याचा विचार फलकांबरोबरच उतरविला जातो.

परीक्षेची चाळणी किती तोकडी असते, हे याच मातीने दाखवून दिले आहे. जुन्या औंध संस्थानचा बराचसा मुलूख आज या दोन जिल्ह्यांत आहे. रंगांधळेपणामुळे चित्रकलेचा अभ्यास सोडावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कारखान्यासाठी माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधलाच शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांची मॅट्रिक गणितामुळे हुकली. त्याच लेखणीतून १९५५-५६ साली ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ उतरले. गुण हेरणारी दृष्टी आणि त्याला वाव देणारा आश्रय लाभला, की माळरानही फुलते.

या दृष्टीला शास्त्राची जोड दिली ती कै. आप्पा पेंडसे यांनी. १९६२ साली पुण्यात त्यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ साली बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी प्रशाला सुरू झाली. बुद्धीचे अनेक पैलू मानणाऱ्या गिल्फर्ड यांच्या सिद्धान्ताचा तेथे आधार घेतला गेला. बुद्धीला समाजाच्या प्रश्नांची ओढ लावणे, हे या प्रयोगाचे मर्म होय.

सातारा-सांगलीत असा उपक्रम तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकतो. निवड करताना गुणांबरोबर शिक्षकांचे निरीक्षण, मुलाचे प्रश्न आणि त्याच्या हातचे काम पाहावे. पंधरा-वीस मुलांचा गट असावा, आठवड्यातून एकदा भेटावा आणि वर्षभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा. पुढच्या इयत्तेचे पाठ आधी उरकणे म्हणजे समृद्धी नव्हे. २००५ आणि २०१९ साली कृष्णेच्या महापुराने सांगली बुडाली. माण, खटाव, आटपाडी, जत येथे मात्र दुष्काळ पाचवीला पुजलेला. पुराच्या खुणा नोंदविणे, पाऊस मोजणे, वृद्धांकडून माहिती घेणे, नकाशे काढणे, यात भूगोल, गणित, इतिहास आणि समाज एकत्र येतात. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, निवृत्त अभियंते, प्रयोगशील शेतकरी हे या मुलांचे गुरू होऊ शकतात.

मूठभर मुलांचे हे लाड कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. उपक्रम शहरी, सुस्थित घरांपुरता राहिला तर तो आक्षेप रास्तच ठरेल. म्हणून ऊसतोड मजुरांच्या आणि मेंढपाळांच्या वस्तीपर्यंत शोध पोहोचला पाहिजे. विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांना वर्गाबाहेरही प्रोत्साहन द्यावे आणि त्यासाठी विषयवार व प्रकल्पाधारित मंडळे असावीत, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नमूद आहे. शासनाच्या परिपत्रकाची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी आपल्या तालुक्यात एक गट उभा करावा.

बुद्धी ही समाजाची ठेव आहे. ती ओळखलीच गेली नाही, तर तोटा त्या मुलाइतकाच राष्ट्राचाही आहे.