कोटात गेलेली माणसे

महानगर आणि साहित्य यांच्या संबंधावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘महानगरीय जाणीव’ हा शब्दप्रयोग तर आता पाठ्यपुस्तकांतही रुळला आहे. मात्र या चर्चेत महानगर एकजिनसी मानले जाते. गर्दी, एकाकीपणा, यांत्रिकता ही त्याची लक्षणे सांगितली की समीक्षकाला आपले काम संपल्यासारखे वाटते. वस्तुतः महानगराला भूगोल असतो आणि त्या भूगोलाला एक मध्य असतो. न्यूयॉर्कमध्ये त्याला ‘डाउनटाउन’ म्हणतात, कारण मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील मूळ वस्तीपासून ते शहर उत्तरेकडे वाढत गेले. लंडनमध्ये हा मध्य म्हणजे सुमारे एक चौरस मैलाची ‘सिटी’, तर शिकागोत ‘लूप’. दिवसा असंख्य माणसे तेथे राबतात आणि संध्याकाळी परततात. या मध्याचे मराठी साहित्यात काय झाले, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही.

मुंबईचा असा मध्य म्हणजे फोर्ट, जुन्या मुंबईकरांचा ‘कोट’. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत त्याची तटबंदी पाडण्यात आली. चर्चगेटचा दरवाजा गेला, नाव मात्र राहिले. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात गोविंद नारायण माडगावकरांनी या शहराकडे पाहिले ते जिज्ञासू रहिवाशाच्या दृष्टीने. कोट त्यांना वर्ज्य नव्हता. पुढे मात्र मराठी वाङ्मयाची मुंबई वेगळ्याच जागी स्थिरावली. गिरगावची चाळ, परळ-लालबागचा गिरणगाव, नारायण सुर्व्यांचा रस्ता, १९७२ साली नामदेव ढसाळांनी उघडी केलेली ‘गोलपिठा’ची वस्ती, ही आपली साहित्यिक मुंबई होय. तिच्या थोरवीविषयी शंका नाही. परंतु चाळीतून सकाळी डबा घेऊन निघालेला कारकून आठ तास कोठे असतो? पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील माणसांच्या घरांत आपण मोकळेपणाने वावरतो, त्यांच्या कचेऱ्यांत मात्र सहसा जात नाही. मेलव्हिलने १८५३ सालीच ‘बार्टलबी’ ही कथा लिहिली आणि तिला ‘वॉल स्ट्रीटची कथा’ असे उपशीर्षक दिले. आपला बार्टलबी कोटात होताच. तो कथेत क्वचित आला.

याचे पहिले कारण भाषेचे आहे, असे मला वाटते. कोटातील पेढ्यांचा आणि बँकांचा लेखी व्यवहार इंग्रजीत चाले, बाजाराची बोली पुष्कळशी गुजराती होती. तेथे मराठी माणूस होता, पण त्याची भाषा बाहेर थांबे. याला एक सबळ पुरावा देता येईल. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठीला स्थान मिळाले. त्यानंतर काही वर्षांतच अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्या आल्या आणि सचिवालयाची सत्ता मराठी कादंबरीचा विषय झाली. मध्याच्या ज्या भागात मराठी शिरली, त्याच भागात मराठी कादंबरीही शिरली. याउलट, दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या अरुण कोलटकरांनी कोटाच्या सीमेवरील काळ्या घोड्याचा चौक चितारला तो २००४ साली आलेल्या इंग्रजी संग्रहात. एका कवीच्या निवडीवरून नियम काढू नये हे खरे. तरीही ही निवड विचार करावयास लावणारी आहे.

परंतु केवळ भाषेचे कारण पुरेसे नाही. कलकत्त्याच्या डलहौसी स्क्वेअरमध्येही इंग्रजीचेच राज्य होते. तरी बंगालीने त्या भागाला ‘ऑफिसपाडा’ हे घरगुती नाव दिले. ‘पाडा’ म्हणजे आपली आळी. कचेऱ्यांचीही आळी होऊ शकते, हे त्या भाषेने मान्य केले. उच्च न्यायालयातील एका इंग्रज बॅरिस्टरकडे कारकुनी करणाऱ्या शंकर यांनी त्या अनुभवातूनच ‘कत अजानारे’ लिहिले आणि पुढे १९६२ साली ‘चौरंगी’. म्हणजे परक्या भाषेत काम करूनही त्या कामाविषयी स्वभाषेत लिहिता येते. आपण ते फारसे केले नाही, कारण नोकरी ही पोटासाठी आणि जगणे हे घरी, अशी फाळणी आपल्या मध्यमवर्गीय मनाने केली होती. समीक्षेनेही ती निमूटपणे स्वीकारली. आपण पात्राची जात पाहिली, वर्ग पाहिला, वस्ती पाहिली. ते कोणत्या टेबलाशी बसते हे पाहिले नाही.

हा प्रश्न आज तातडीचा आहे, कारण मध्य स्वतःच स्थलांतर करीत आहे. १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली आणि मुंबईचा वित्तव्यवहार हळूहळू उत्तरेकडे सरकला. २०१३ साली पश्चिम बंगालचे सचिवालय रायटर्स बिल्डिंगमधून हावड्याच्या ‘नबान्न’मध्ये गेले. २०२० च्या महामारीने तर कचेरी घरातच आणून ठेवली. ज्यांनी कोटात उमेदीची वर्षे घालविली ते टंकलेखक, रोखपाल आणि शिपाई आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेणे हे इतिहासकारांइतकेच साहित्याच्या अभ्यासकांचेही काम आहे.

आणि आपल्या विद्यापीठांतील भारतीय साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘महानगर’ या घटकाऐवजी ‘कामाची जागा’ असा घटक ठेवून मराठी, बंगाली, हिंदी कृती शेजारी शेजारी वाचल्या, तर कोणत्या भाषेने आपल्या माणसाला कोठपर्यंत सोबत केली हे स्पष्ट होईल. मराठीने त्याला स्टेशनापर्यंत पोहोचविले. त्यापुढे तो एकटाच गेला.