काळा पडदा आणि बिल्टी

भिवंडीच्या गोदामांत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत फॉक्सप्रोचा काळा पडदा वर्षानुवर्षं टिकला, आणि त्याला कारण होतं बरं का! बिल्टी बनवणाऱ्याची बोटं मान वर न करता चालतात. पार्टीचा कोड, एंटर, नग, वजन, एंटर... झालं!

आता मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ साली थांबवला. २०१८ पासून साधारणपणे ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल आलं, म्हणजे बिल्टीवरचीच माहिती सरकारी पोर्टलवर पुन्हा भरणं आलं. तेव्हा बदल हवाच, त्यात वाद नाही.

पण बदल म्हणजे होतं काय? रंगीबेरंगी बटणं. जिथे चार एंटर पुरायचे तिथे माऊस धरून सहा ड्रॉपडाउन. मग रात्री आठला, गाड्या भरून उभ्या आणि ड्रायव्हर खोळंबलेले असताना, टेबलावरचे काका आधी कागदावर लिहून घेतात आणि गाड्या गेल्यावर सगळं मशीनमध्ये घालत बसतात. शेवटची लोकल चुकते ती त्यांची. वर साहेब म्हणणार, "ह्यांना नवीन शिकायचंच नसतं." मला हा शुद्ध अन्याय वाटतो.

नवीन पडदा बनवणाऱ्याने आधी एक आख्खी संध्याकाळ स्टूल घेऊन काकांशेजारी बसावं की! कुठली की ते न बघता दाबतात, तेवढं टिपून घ्यावं. त्या कीज तशाच ठेवा, मग रंग हवे ते द्या.