भुताच्या पोस्टरकडून दुकानदाराने काय शिकावे?

भयपट पाहावेत की पाहू नयेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. या पानाचा विषय तिजारतीचा आहे. परंतु जाहिरातीच्या बाबतीत भयपटवाल्यांनी जे करून दाखविले, ते भूमसारख्या तालुक्याच्या गावातील आमच्या दुकानदार व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामसे बंधूंचेच उदाहरण घ्या. वडील एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ हा चित्रपट पडला. पण त्यात मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला लोक दाद देतात, हे मुलांनी थिएटरात बसून पाहिले. गिऱ्हाईक कशासाठी येते हे कळले आणि धंद्याची दिशा ठरली. १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ थोड्या भांडवलात महाबळेश्वरला चित्रित झाला. सात भावांनी कथा, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, संकलन अशी कामे घरातच वाटून घेतली.

आता त्यांच्या चित्रपटांची नावे पाहा. ‘दरवाज़ा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘पुरानी हवेली’ (१९८९), ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). नाव वाचताच आत कोणता माल आहे ते कळते. ‘पुराना मंदिर’मधील सामरी हा राक्षस लोकांच्या ध्यानात राहिला, तेव्हा पुढच्याच वर्षी, १९८५ साली, ‘सामरी’ याच नावाने नवा चित्रपट आला. चाललेले नाव सोडून नवे शोधण्याचा उद्योग त्यांनी केला नाही.

भयपटाची जाहिरात अनेक वाटांनी गावात येत असे. भिंतीवरचे पोस्टर, थिएटरबाहेरची शोकार्डे, वर्तमानपत्रातील चौकट, रिक्षावरचा कर्णा. या साऱ्यांत रक्त ओघळणारी अक्षरे तीच, काळा-लाल रंग तोच, भेसूर चेहराही तोच असला की न वाचता येणारा माणूससुद्धा लांबून ओळखी. पोस्टरवर भूत आणि शोकार्डावर नुसती नायक-नायिकेची जोडी असती, तर बघणाऱ्याला दोन वेगळे चित्रपट वाटले असते. चांगली जाहिरात म्हणजे दहा ठिकाणी दिसणारा एकच चेहरा.

ही कला परक्यांची नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवीत. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरले. गावोगावच्या पेंटरांनी हा हुन्नर सांभाळला. पुढे फ्लेक्स आला आणि अनेकांचा ब्रश सुटला.

आता आपल्या दुकानांकडे पाहू. बोर्डावर नाव एका वळणाचे, पिशवीवर दुसऱ्या, पावतीपुस्तकावर तिसऱ्या. बोर्ड हिरवा, खोका गुलाबी. फ्लेक्सवाला बदलला की अक्षर बदलते. मग गिऱ्हाइकाने ओळखायचे कशावरून?

आमच्या तालुक्याला याची गरज अधिक आहे. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, पण हे नाव कोणा एका भट्टीवाल्याचे नाही, परिसरातील सर्व नोंदणीकृत उत्पादकांचे आहे. कुंथलगिरी हे नाव गिऱ्हाइकाला गावापर्यंत आणील, तुमच्या दारापर्यंत आणायला तुमचा स्वतःचा चेहरा लागेल. तो नसेल तर चोख खवा देणारा आणि पीठ मिसळणारा एकाच ओळीत उभे राहतील, आणि नुकसान चोख मालवाल्याचेच होईल.

काही बांधव म्हणतील, “माल चांगला असला की पुरे, रंगाअक्षराचे सोंग कशाला?” आमचे उत्तर असे की, पहिल्यांदा गिऱ्हाईक चेहऱ्यावर येते, दुसऱ्यांदा मालावर. ‘तुंबाड’चे पाहा. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला. २०२४ साली पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. नाव तेच, हस्तरची गोष्ट तीच; मधल्या सहा वर्षांत पाहणाऱ्यांनीच त्याचा बोलबाला केला. माल खरा होता आणि ओळख पक्की होती, म्हणून लोक परत आले. पोस्टरवर भूत आणि पडद्यावर काहीच नाही, असा खेळ दुसऱ्या आठवड्यात उतरतो.

तेव्हा आमची सूचना अशी. दुकानाचे नाव एकदाच, नीट, गावातील जाणत्या पेंटरकडून लिहून घ्यावे. एक वळण, दोन रंग, एक चित्र. त्याचे रास्त पैसे द्यावेत, कारण हा खर्च बोर्डाचा नाही, ओळखीचा आहे. मूळ प्रत आपल्याकडे जपावी, रंगाचा नंबर टिपून ठेवावा आणि छापखाना असो, फ्लेक्सवाला असो वा खोकेवाला, सर्वांना तीच प्रत द्यावी. धंदा वाढत असेल तर १९९९ च्या कायद्याप्रमाणे बोधचिन्हाची नोंदणी करावी. ती दहा वर्षे टिकते व पुढे वाढविता येते. पेंटर बांधवांनीही नुसता बोर्ड न विकता बोर्ड, खोका, पिशवी व पावती यांचे एकत्र काम मागावे. फ्लेक्सचे यंत्र अक्षर छापते. कोणत्या दुकानाला कोणते अक्षर शोभेल, हे ठरविणारी नजर पेंटरकडेच आहे. ती नजर आणि दुकानदाराचा सचोटीचा माल एकत्र आले, तर दोघांच्याही रोजीत बरकत होईल.