हलाहल कुणी प्यावे?

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि अमावास्येला लक्ष्मीची. दोघेही एकाच मंथनातून वर आले. पण करंज्या-चकल्यांच्या धांदलीत एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. भागवतातल्या कथेत समुद्रातून आधी लक्ष्मी आली नाही, अमृतही आले नाही. आधी आले ते हलाहल!

हे आज आठवायचे कारण, हल्ली जो तो ‘नावीन्य’ मागत सुटला आहे. कारखान्याचे संचालक मागतात, बँकेचे साहेब मागतात, शाळेचे चिटणीस मागतात. कारभाराचे शास्त्र मी शिकलो नाही. माझी मजल मॅट्रिकपर्यंतच. पण वर्षानुवर्षे मुलांना ही कथा सांगत आलो आहे, आणि संस्था कशी चालवावी हे तिच्यात जितके स्वच्छ सांगितले आहे, तितके या मंडळींच्या भाषणांत मला कधी सापडले नाही.

मंदर पर्वताची रवी केली, वासुकीची दोरी केली आणि देवदानव घुसळू लागले. झाले काय? पर्वत बुडाला! खाली आधारच नव्हता. मग विष्णूने कासव होऊन तो पाठीवर तोलला. आपल्या संस्थांतही अशी कासवे असतात. ठरल्या मिनिटाला घंटा देणारा शिपाई, जमाखर्चात पैची चूक होऊ न देणारा कारकून, मुंबईच्या गर्दीतून ज्याचा डबा त्यालाच पोचवणारा डबेवाला. त्यांना जुनाट म्हणून हिणवणाऱ्या आणि दर सहा महिन्यांनी नवे तक्ते भरायला लावणाऱ्या उत्साही वीरांना माझे हात जोडून सांगणे आहे : बाबांनो, कासव हलले की पर्वत बुडतो.

पण नुसते कासव बसवून ठेवल्याने लक्ष्मी येत नाही, हेही तितकेच खरे. वडिलांचे एचएमटी घड्याळ अजून माझ्या मनगटावर आहे. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्या घड्याळांचा कारखाना निघाला आणि निम्म्या देशाचे मनगट त्याने सजवले. पुढे क्वार्ट्‌झची घड्याळे आली. ती एचएमटीनेही काढली, पण तिचा जीव गुंतला होता तो चावीच्या घड्याळातच. १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली. तिने भिस्त ठेवली क्वार्ट्‌झवर आणि पाहता पाहता बाजार नेला. २०१६ साली एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचे सरकारने ठरवले. घड्याळ बिनचूक चालत होते. काळ तेवढा पुढे निघून गेला.

तेव्हा कासवही हवे आणि रवीही हवी. इथवर सारेच मान डोलावतील. माझे भांडण पुढे आहे. घुसळले की विष निघणारच. ते कुणी प्यावे?

कथेत ते कुणा दुबळ्याच्या तोंडात ओतले नाही. सर्वांत थोर जो महादेव, तो पुढे झाला. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपले एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर जाऊन अपयशाची जबाबदारी घेतली ती इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. १८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट रोहिणी उपग्रहाला कक्षेत घेऊन गेले, तेव्हा धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पुढे केले. विष स्वतः प्याले, अमृत दुसऱ्याला वाढले!

आता माझा अनुभव ऐका. एका शाळेत मुख्याध्यापकांनी जूनमध्ये नव्या प्रयोगांवर सुरेख भाषण केले. मी भाबडा, नववीला निबंध उतरवून देणे बंद केले, मुलांना स्वतः लिहायला लावले. सहामाहीत गुण घसरले. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी माझ्या हातात खुलाशाचे पत्र पडले! जानेवारीत साऱ्या वर्गांतून पुन्हा जुन्या वह्यांतले निबंध सुरू झाले, आणि भाषणाचे कुणी नाव काढीना.

भागवत सांगते, शंकराच्या ओंजळीतून जे थेंब सांडले ते सापा-विंचवांनी घेतले. वडीलधारे जे विष पीत नाहीत, ते असेच संस्थेत सांडते. मग कुजबुज, निनावी अर्ज आणि ‘मी नव्हे, तो’ अशा नांग्या जिकडेतिकडे उभ्या राहतात.

‘मग चुका पोटात घालाव्यात की काय?’ असा सवाल येईल. मुळीच नाही! शंकराने विष थुंकले नाही, तसे पोटातही जाऊ दिले नाही. कंठात धरले, आणि तो निळा डाग जगाला दिसू दिला. चूक दुसऱ्यावर थुंकू नये आणि गिळून विसरूही नये. कुठे चुकले ते शोधावे आणि पुन्हा रवी धरावी.

गेल्या दिवाळीत आमच्या मुलीने हट्टाने अनारसे केले. पहिलाच घाणा तुपात हसला. पोर रडकुंडीला आली. आम्ही काही बोलणार, तोच आजीने मोडका अनारसा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, “चव छान आहे गं. पीठ जरा सैल झालंय. दुसरा घाणा घाल.”

लक्ष्मीपूजनाला बसण्यापूर्वी खुर्च्यांवरल्या साहेबांनी आमच्या म्हातारीकडून एवढे शिकून घ्यावे.