नांव कोबीचें, रूप कोणाचें?

बागेच्या छंदांत नांवाला रूपाहून अधिक मान मिळूं लागला कीं घोटाळ्यास आरंभ होतो. पुडीवर छापलेलें अक्षर प्रमाण मानावें, आणि उगवलेलें रोप त्याबरहुकूम वागलें नाहीं तर दोष पाणी घालणारीच्या माथीं मारावा, असा प्रकार पुष्कळ घरांत घडतो.

दादरच्या हिंदु कॉलनींतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत यंदा असेंच झालें. दिवाळी सरतांच सूनबाईंनीं 'कोबी' असें छापलेल्या पुडींतील बीं गच्चीवरील कुंड्यांत पेरलें. रोपें जोमानें वाढलीं. परंतु पौष आला तरी गड्डा धरेना, उलट मधूनच उंच दांडा निघून त्यावर पिवळीं फुलें आलीं. सासूबाई म्हणाल्या, खत कमी पडलें. दीर म्हणाले, पाणी अधिक झालें. आत्याबाईंनीं तर सुनेच्या हातालाच गुण नाहीं असा निकाल दिला. अखेर घरच्या आजोबांनीं फुलासकट एक डहाळी कागदांत गुंडाळून आमच्याकडे पाठविली व 'हिचें कूळ सांगावें' अशी आज्ञा केली. त्या निमित्तानें चार गोष्टी वाचकांपुढें मांडतों.

न्यायशास्त्रांत वस्तूचें लक्षण करतांना दोन दोष विशेष टाळावे लागतात. लक्षण परक्या वस्तूलाही लागूं पडलें तर ती अतिव्याप्ति. आपल्याच वर्गांतील कांहींना सोडून गेलें तर ती अव्याप्ति. 'चार पाकळ्यांचें पिवळें फूल' हें कोबीचें लक्षण म्हणावें, तर मोहरीचें व शलगमाचें फूलही तसेंच. ही अतिव्याप्ति झाली. 'ज्याचा गड्डा होतो तो कोबी' म्हणावें, तर फुलकोबी, नवलकोल आणि मोकळ्या पानांची केल हीं सर्व वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें एकाच जातीचीं भावंडें असून त्यांना गड्डा नाहीं, ही अव्याप्ति. मूळ नांवही येथें साह्य करीत नाहीं. 'कोबी' हा शब्द पोर्तुगीज 'कोव्ह' यापासून आला, आणि पोर्तुगिजांच्या घरीं हें नांव मोकळ्या पानांच्या भाजीलाही चालतें.

मग ओळखावें कशावरून? पहिली खूण पानाची. कोबीच्या जातीचें पान जाड, निळसर हिरवें व गुळगुळीत. त्यावर मेणासारखा पातळ थर असल्यानें पाण्याचे थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळतात. मोहरीचें पान पातळ, झळझळीत हिरवें, कडेला दांते असलेलें. कोवळेपणीं त्यावर विरळ केसही हाताला लागतात. दुसरी खूण दांड्यावरील वरच्या पानांची. शलगम व त्याच्या नात्यांतील चिनी भाज्या यांचीं वरचीं पानें तळाशीं दांड्याला कवटाळून बसतात. मोहरीचीं अरुंद असून आखूड देठावर सुटीं राहतात.

तिसरी खूण काळाची, आणि मुंबईकरांना तीच सर्वांत उपयोगी. गड्ड्याचा कोबी हा द्विवर्षायु. कांहीं आठवडे चांगली थंडी लागल्यावांचून तो फुलत नाहीं. म्हणूनच त्याचें बीं कुलू, काश्मीर अशा थंड डोंगरी प्रदेशांत धरतात. आमच्या मुंबईचा पौष त्याला कसला पुरणार? तेव्हां पेरल्यापासून अडीच महिन्यांत येथें जें फुललें, तें गड्ड्याच्या कोबीचें रोप नव्हे.

या तिन्ही खुणांनीं आलेली डहाळी मोहरीची ठरली. संस्कृतांत जिला राजिका म्हणतात तीच. दोघांचें कूळ एक, परंतु कोबीच्या पेशींत गुणसूत्रांच्या ९ जोड्या, तर मोहरीच्या १८. गंमत अशी कीं दोहोंचें बीं बारीक, गोल व काळसर, आणि उगवतांना निघणारीं पहिलीं दोन दळेंही सारखींच हृदयाकृति. म्हणजे पुडींत अदलाबदल झाली हें पेरतांना आमच्यासारख्यालाही उमगलें नसतें. रोपें जोमदार वाढून वेळेवर फुललीं. सूनबाईंच्या हाताला गुण आहे याला आणखी पुरावा तो कोणता? हें आम्हीं आजोबांना स्वच्छ लिहून कळविलें आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. अनोळखी रोपाचें पान नुसत्या नांवावर विसंबून चुलीवर चढवूं नये. पिवळा धोत्राही पिवळाच फुलतो आणि त्याचें बीं मोहरीसारखें दिसतें. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत त्याच्या तेलाची भेसळ होऊन अंगावर सूज येणाऱ्या रोगानें साठांहून अधिक माणसें दगावलीं. त्याचीं पानें कांटेरी, मोडल्यास पिवळा चीक येतो, आणि पाकळ्या बहुधा सहा असतात. चार पाकळ्या, कांटे नाहींत, चीक नाहीं, एवढें पाहून मगच कोवळें पान चुरगळावें. नाकाला झणका आला तर मोहरीविषयीं संशय उरत नाहीं.

अशी मोहरी कोणाच्या कुंडींत निघाली तर ती उपटून टाकूं नये. शेंड्याकडील कोवळीं पानें मुगाच्या डाळींत चांगलीं लागतात. फुलल्यावर खालचीं पानें राठ व कडवट होतात, तीं सोडावीं. शेंगा पिवळ्या पडूं लागतांच, फुटण्यापूर्वीं, काढून वाळवाव्या. फोडणीपुरतें बीं घरचें होईल. आणि पुढच्या खेपेस रिकामी पुडी टाकून न देतां तारीख घालून जपून ठेवावी. विकणाऱ्यापुढें ती आणि एक डहाळी अशीं दोन्ही ठेवलीं म्हणजे वादाला जागा राहत नाहीं.