घरकुलाला श्रीमंत, कर्जाला बुडवे



मातीच्या भिंती पाडून पहिले पक्के घर बांधावे म्हणून आम्ही बँकेत गेलो की साहेब आधी सिबिल काढतो. पीककर्ज थकलेले दिसले की अर्ज परत. कापूस-ज्वारी उत्पादनखर्चाहून कमी भावात विकावी लागली म्हणून ते थकले, हे त्या कागदावर कुठे लिहिलेले नसते! बरे, सरकारी घरकुल मागावे, तर 2016 पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत 50 हजार किंवा जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड असलेला बाद, 5 एकर कोरडवाहू असलेलाही बाद. मग शेतकऱ्याने राहायचे कुठे?

पीककर्जाची थकबाकी ही आम्हाला न मिळालेल्या भावाची थकबाकी आहे. तिच्यावरून घरकर्ज नाकारू नये, ही आमची मागणी.

तोवर एवढे करा. फेडून किंवा कर्जमाफीत खाते मिटले असेल तर बेबाकी दाखला घ्या. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो तपासा. मिटलेले कर्ज थकीतच दिसत असेल तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर रोज 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. ती मागायला लाजू नका. बैठकीला येताना अहवाल आणि दाखला सोबत आणा, अर्ज तिथेच लिहू.